काळपुळीचा जंतू

संध्याकाळी धडधाकट दिसलेली गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली आढळते. नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त वाहत असते. गुरांच्या या रोगास आपण काळपुळी म्हणतो. कातडी वा लोकर हाताळणाऱ्या माणसास तो जडला, तर त्वचेवर फोड येऊन तेथे कोळशासारखी काळी, पण न दुखणारी खपली धरते. ‘अँथ्रॅक्स’ या ग्रीक शब्दाचा अर्थही कोळसाच, हे साम्य मला मोठे मौजेचे वाटते.

मेलेल्या मेंढ्यांच्या रक्तातील काठीसारखे सूक्ष्म जंतू फ्रान्समध्ये १८५० सालीच दिसले होते. कोडे पुढेच होते. असे रक्त वाळले की काही दिवसांत ते निष्प्रभ होई. मग तीच ती कुरणे वर्षानुवर्षे मेंढ्यांचे बळी कसे घेत? प्रशियातील वोल्स्टाइन या लहानशा गावी रॉबर्ट कॉख नावाचा सरकारी डॉक्टर, रोगी तपासून उरलेल्या वेळात, घरीच सूक्ष्मदर्शक मांडून या प्रश्नाच्या मागे लागला. बैलाच्या डोळ्यातील निर्मळ द्रवाच्या थेंबात त्याने जंतू वाढविले व तो तासन्‌तास पाहत राहिला. काठ्या लांबल्या, त्यांचे धागे झाले, आणि मग त्या धाग्यांत मण्यांसारखे चकचकीत कण उमटले. ताज्या द्रवात पडताच त्या कणांतून पुन्हा काठ्या निघाल्या! हेच बीजाणू. १८७६ साली कॉखने हे शोधन प्रसिद्ध केले, तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता.

बीजाणू मातीत कित्येक दशके तग धरतो. स्कॉटलंडनजीकच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिशांनी १९४२ साली युद्धास्त्र म्हणून या जंतूची चाचणी घेतली. ते बेट पुढे माणसांस वर्ज्यच राहिले. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात फॉर्मॅल्डिहाइड मिसळून तेथील माती शुद्ध केली, आणि १९९० साली ते निर्धोक ठरले.

बीजाणू बनण्यास प्राणवायू लागतो. म्हणूनच काळपुळीचा संशय असलेले जनावर मुळीच फाडू नये. अखंड देहात कुजविणारे जंतू या काठ्यांचा लवकरच नाश करतात. सुरी लागली, रक्त हवेत सांडले, की त्याच काठ्या बीजाणू होऊन मातीत शिरतात. देह जाळावा किंवा खोल पुरावा. त्यात चामड्याची किंमत बुडते, आणि गरीब शेतकऱ्यास ती लहान नसते, हे मान्य केलेच पाहिजे. यापेक्षा आधीच लस टोचणे स्वस्त पडते. दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी १९३० नंतरच्या दशकात, बाह्य कवच गमावलेल्या जंतूंपासून तयार केलेली लस आजही गुरांना देतात.