लसीची गोष्ट पुण्यातून सुरू झाली



आपल्या गटातल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून शेळी किंवा गाय घेतली आहे. जनावर गेलं तरी हप्ता राहतोच. म्हणून या वेळचा पाठ लसीकरणाचा.

पुण्यात कसबा पेठेतून नदी ओलांडली की शिवाजीनगरला इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. पूर्वी त्याला सायन्स कॉलेज म्हणत. तिथेच ९ डिसेंबर १८८९ रोजी जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख.

त्या काळी बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. बैल गेले की पेरणी अडायची. अशा रोगजंतूंवर भरवस्तीत काम करणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. पुढे बरेलीजवळ इज्जतनगरला मोठं केंद्र झालं. आज हीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था.

मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळीच्या अंगात पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्याची लस बनवली. म्हणजे गाईला वाचवायला शेळी कामी आली! गावोगाव लसीकरण झालं, आणि २०११ मध्ये बुळकांडी साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं.

संस्था फक्त लस बनवून थांबली नाही. ती पशुवैद्यक घडवते, त्यांना नवं ज्ञान देते, पशुपालकांनाही शिकवते. पुण्यातही तिचं प्रशिक्षण केंद्र आहे. डॉक्टरांकडून शिकलेलं दारापर्यंत पोहोचवायचं काम आपली पशुसखी करते.

हे लक्षात ठेवा

• पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्प व फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस.
• लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी.
• शेळ्यांच्या पीपीआरची लस साधारण तीन वर्षांनी एकदा; नव्या करडांना वयाप्रमाणे.
• लस २ ते ८ अंश थंडाव्यातच टिकते. बर्फाच्या डब्यातून आणली का, हे बिनधास्त विचारा.
• जनावर आजारी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.
• टोचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप येतो, दूध कमी होतं. घाबरू नका.

“माझी एकच शेळी, तिला कशाला?” असं काही जणी म्हणतात. पण चरायला सगळ्या एकाच माळावर जातात. एक सुटली तर रोगाला वाट मिळते. बुळकांडी गेली, कारण गावंच्या गावं लसीकरणात आली.

बैठकीत बोला

१. गटात एकूण जनावरं किती? मागची लस कधी टोचली?
२. तारखा वहीत कोण लिहिणार?
३. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लसीकरणाचा दिवस कोण ठरवून येणार?

पुढच्या बैठकीला वही घेऊनच या.