आठ किलो, नव्वद दिवस

अगं, परवा फोनवर तू शहरांची यादी वाचत होतीस तेव्हा मी इकडे बोटं मोजत होते. २३ शहरं, ७० दिवस. म्हणजे दर तीन दिवसांनी बोचकं उचलायचं. एवढं तर कुरिअरवालाही फिरत नाही. मीही २०१९ मध्ये निवृत्तीचे पैसे हातात आल्या आल्या अशीच यादी घेऊन निघाले होते, आणि पहिल्या तीन आठवड्यांत निम्मी पुंजी संपवून बसले. तेव्हा जे कळलं ते आधी सांगते. युरोपात राहण्यापेक्षा हलण्यात जास्त पैसा जातो.

तूच हिशोब कर. गाव बदललं की तिकीट आलं. हॉस्टेलची खाट सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि पुढच्या गावी दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, म्हणून मधल्या वेळात सामानासाठी स्टेशनवरचा लॉकर आला. आणि नव्या गावचा पहिला दिवस हा अडाणीपणाचा दिवस. किराणा कुठं, ट्रॅमचं तिकीट कुठं, बाटली कुठं भरायची, काही ठाऊक नसतं. पाय दुखत असतात, भूक लागलेली असते, मग देवळासमोरच्या चौकात जे पहिलं हॉटेल दिसेल तिथं आपण बसतो आणि चार दिवसांच्या किराण्याचे पैसे एका ताटात घालवतो. तिसऱ्या दिवशी अक्कल येते, तेव्हा तुझ्या यादीप्रमाणे निघायची वेळ झालेली असते.

म्हणून एक गाव धर आणि तिथून फिर. बेल्जियममध्ये ब्रूज, ब्रसेल्स, अँटवर्प अशा तीन ठिकाणी खाटा घेण्यापेक्षा घेंटला मुक्काम टाक. तिथून ब्रूज आणि ब्रसेल्स रेल्वेने अर्ध्या-अर्ध्या तासावर, अँटवर्प तासाभरावर. सॅक खोलीवर, तू मोकळी. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तसंच, तासाभराची गाडी, सकाळी जाऊन रात्री परत. आठवडाभर एका जागी राहिलीस की आठवड्याचा पास परवडतो, तांदळाचा पुडा संपवून निघता येतं, आणि दुकानातली बाई तिसऱ्या दिवशी ओळखीचं हसते. माझ्या हिशोबाने २३ नव्हे, नऊ. कुठली १४ खोडायची ते तू ठरव, पण झुरिकच्या नावापुढे मी आधीच काट मारली आहे. स्वित्झर्लंड बघायचं तर दोन रात्री, आणि सीमेअलीकडून ब्रेड-चीज घेऊन.

आता व्हिसा. इथं घाई करू नकोस, कारण सगळ्या यादीचा सांगाडा हाच आहे. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून, कुठल्याही १८० दिवसांत, ९० दिवस. आत शिरल्याचा दिवस एक आणि बाहेर पडल्याचाही एक, दोन्ही मोजतात. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथं पहिलं पाऊल पडेल तिथं. 'अमुक देश पटकन देतो' असं ऑफिसातलं कोणीतरी सांगेल, त्या नादी लागू नकोस. कागद खरे असले की मुलाखतीला बसताना छाती धडधडत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळत नाही, म्हणून दारं उघडल्या उघडल्या नंबर लाव. शुल्क ९० युरो, नकार आला तरी परत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा, पूर्ण मुक्कामाचा. राहण्याची बुकिंगं फुकट रद्द करता येतील अशीच घे.

स्टिकर हातात आलं की घरी जाऊन पेढे वाटण्याआधी तीन गोष्टी वाच. कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, आणि किती वेळा आत शिरता येईल. पहिल्या दोन गोष्टी एकच असं समजून माणसं फसतात. तारखा तीन महिन्यांच्या असतील आणि दिवस ४५च लिहिलेले असतील, तर तुझे दिवस ४५. आणि २०२५च्या ऑक्टोबरपासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. माझ्या वेळी पुसट शिक्क्यांवर भागायचं. आता एक दिवस जादा राहिलीस तरी तो दिसतो.

नव्वदाच्या पुढे फिरायचं असेल तर वाट बाल्कनमधून जाते. सर्बिया, बोस्निया, अल्बानिया शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तिथले दिवस त्या नव्वदात धरत नाहीत. तुझ्याकडे अनेक वेळा प्रवेशाचा, चालू मुदतीचा शेंगेन व्हिसा असेल आणि तो एकदा वापरलेला असेल, तर हे देश त्याच्यावर आत घेतात. तरी निघण्याआधी त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर स्वतः वाच, कारण हे नियम बदलतात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर मात्र बाहेर पडलीस की दार बंद. जुनी गाइडबुकं क्रोएशियालाही 'बाहेर' धरतात. ते २०२३ला आत आलं, रुमानिया-बल्गेरियाही २०२५पासून पूर्ण आत. माझ्या कपाटातलं पुस्तक नेऊ नकोस, नकाशे तेवढे फाडून घे.

सॅक आठ किलो. साडेआठ नाही. चाकांची बॅग लिस्बनच्या दगडी चढांवर तुझी आजी होते. भरून झाली की एका रविवारी पाठीवर घे आणि सिंहगड पायथ्यापासून वर चढ. वर पिठलं-भाकरी खाताना ज्या वस्तूंचा राग आला असेल त्या घरी ठेव. मी दोन जीन्स, केस वाळवायचं यंत्र आणि भगवद्गीतेची जाड प्रत काढली होती. टॉवेल नेऊ नकोस, पंचा ने. तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला, गाडीत पांघरायला, आणि खालची खाट मिळाली तर आडोशाला. सोबत दोन वाव नाडी, कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी, एक बऱ्यापैकी कुलूप आणि कानात घालायचे बोळे. घोरणाऱ्यांत देशभेद नसतो.

खाण्याचं सामान कमी ने, पण विचार करून. बाहेरून येणाऱ्या माणसाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत. म्हणजे आईने दिलेलं साजूक तूप आणि पेढे विमानतळावरच संपवायचे. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, कोरडी चटणी चालतं. पुडीवर इंग्रजीत नाव लिही. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी असते, निघून गेलेल्यांनी ठेवलेलं तेल, मीठ, शेवया तिच्यावर असतात. आधी ती बघ, मग बाजाराला जा. आणि मोहरीची फोडणी करू नकोस. मी व्हिएन्नात केली होती. धुराचा भोंगा वाजला, चाळीस माणसं अंगणात उतरली आणि मी हातात पळी घेऊन त्यांच्यात उभी. तेव्हापासून परदेशात मेतकूट-भातच.

बाहेर खायचं तर दुपारी. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारचं ठरावीक जेवण मिळतं, 'मेनू देल दिया', दोन पदार्थ, पाव आणि शेवटी गोड. रात्री त्याच टेबलावर त्याच पोटाला दुप्पट पैसे लागतात. इटलीत कॉफी उभ्यानं प्यायची, बसलीस की दर बदलतो. पोर्तुगालमध्ये न मागता पाव नि ऑलिव्ह समोर ठेवतात, ते आदरातिथ्य नसतं, खाल्लंस तर बिलात येतं. तिथं 'शामुसा' दिसेल, आपल्या समोशाचाच गोव्याच्या वाटेनं गेलेला भाऊ. आत बहुतेक वेळा मांस असतं, विचारून घे. आणि पोलंडमध्ये 'बार म्लेच्नी' शोध. कम्युनिस्टांच्या काळापासूनच्या खानावळी आहेत, नाव दूध-बार, काम आपल्या राइस प्लेटचं. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या मिळतात, पिएरोगी रुस्किए. त्यांच्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून मागतानाच 'बेझ स्क्फारेक' म्हणायचं. मला पोलिश एवढंच येतं आणि पुरलं.

पाणी विकत घेशील तर माझी भाची नव्हेस. रोममध्ये रस्त्यावर 'नाझोनी' म्हणजे नाकाडे नावाचे ओतीव लोखंडाचे नळ अखंड वाहत असतात. खालचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट तोंडात. जर्मनीत बाटली घेतलीच तर फेकू नको, एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात घालून परत मिळते. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, हे कॅलेंडरवर लाल पेननं लिही. मी साल्झबुर्गला अशाच एका रविवारी पोचले, दुसऱ्या दिवशी सोमवारी त्यांचा पेंटेकॉस्टचा सण. दोन दिवस चिवडा. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात हे मला मंगळवारी समजलं.

गाड्यांचं थोडक्यात. सगळे जण युरेलचा पास म्हणतात. दर दोन दिवसांनी हलणाऱ्याला तो बरा. तू नऊ गावं करणार असशील तर तिकिटं सुटी घे, महिना-दोन महिने आधी. शिवाय फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचे वेगळे पैसे पडतात. रात्रीच्या बसने हॉटेलचे पैसे वाचतात असं तुला वाटतंय ना? वाचतात, आणि दुसरा दिवस बाकावर झोपण्यात जातो. स्वस्त विमानाचं तिकीट बघताना विमानतळाचं नाव वाच. 'पॅरिस' म्हणून बोव्हेला उतरवलं की पॅरिस अजून ८० किलोमीटर लांब असतं. कुठूनही निघालीस तरी नव्या गावी उजेडात पोच, त्यासाठी दहा युरो जास्त गेले तर जाऊ देत. ही एकच उधळपट्टी मी तुला मुद्दाम सांगते आहे. आणि प्राग, बुडापेस्ट, रोमला कागदी तिकीट घेतलं म्हणजे काम झालं नाही. यंत्रात घालून शिक्का मारायचा, नाहीतर खिशातलं तिकीट दाखवूनही दंड भरावा लागतो. मी भरलाय.

एटीएमने 'रुपयांत दाखवू का' असं विचारलं की नाही म्हण, नेहमी तिथल्याच चलनात घे. रुपयांचा त्यांचा दर त्यांच्या सोयीचा असतो. बँकेच्या भिंतीतलं यंत्र वापर, पर्यटकांच्या गल्लीतलं सुटं उभं असलेलं नको. दोन कार्डं, एक अंगावर, एक सॅकच्या तळाशी मोज्यात. पॅरिसला साक्रे-कूरच्या पायऱ्यांवर कोणी मनगटाला दोरा बांधायला आलं तर हात खिशात घाल. रक्षाबंधन नाही ते. कसली अडचण आली तर ११२, सगळ्या युनियनभर एकच नंबर.

फोन रोज नको, दर रविवारी कर. उन्हाळ्यात आपण तुझ्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, त्यामुळे तुझी संध्याकाळ म्हणजे माझी झोप. तुझ्या बाबाला बजेट सांगताना फोडणीचा किस्सा गाळ.

पंचा माझा धुऊन ठेवलाय, तोच ने. येत्या शनिवारी ये घ्यायला. येताना सॅक पूर्ण भरून आण, आणि आमची लिफ्ट पुन्हा बंद आहे, तेव्हा चौथा मजला चढूनच ये. काटा मी दारात काढून ठेवते.