लवकर सांग गं

एक विचारते. उत्तर मला नको देऊस, पण स्वतःशी खरं बोल. प्यायचं कमी करायला हवं, असं मनात येऊन गेलंय का? कुणी त्यावरून बोललं की अंगाचा तिळपापड होतो का? दुसऱ्या दिवशी अपराधी वाटतं का? आणि सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या घोट घ्यावा लागलाय का? व्यसनाची चाचपणी करताना डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतात. दोन प्रश्नांचं उत्तर जरी ‘हो’ असलं, तरी त्यांना भेटायला हवं.

तू म्हणशील, ‘ताई, माझी नोकरी चाललीय, भाडं वेळेवर जातंय, मी कुठे पिऊन पडते?’ अगं, रस्त्याकडेला पडलेल्या ज्या माणसाशी तू स्वतःला ताडून बघतेस, तोही कधीकाळी तुझ्यासारखाच चोवीस वर्षांचा होता आणि त्याचीही नोकरी चालू होती. सगळं हातचं जाईपर्यंत थांबायचंच कशाला? देशात २०१९ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला उपचार मिळाले होते, असं तीत दिसलं. बाकीच्यांत ‘माझं अजून एवढं नाही’ म्हणत बसलेले कितीतरी असतील. तू त्यांच्यात राहू नकोस.

शिवाय बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं. त्यामुळे तेवढेच पेग आपल्या रक्तात जास्त चढतात, आणि यकृतही लवकर बिघडतं. शुक्रवारी ऑफिसातल्या मुलांच्या बरोबरीनं पिताना हे लक्षात असू दे.

आता सांगते ते नीट ऐक. रोज पीत असशील, सकाळी थरथर आणि घाम येत असेल, तर ‘उद्यापासून बंद’ म्हणून खोलीत एकटीनं कोंडून घेऊ नकोस. अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होऊ शकतात, माणूस भ्रमात जाऊ शकतो आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात यावर औषधं आहेत. ती काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात. म्हणून पीत राहा असं मी म्हणत नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा, एवढंच म्हणते.

तिथे गेल्यावर ‘अधूनमधून घेते’ असं मोघम सांगू नकोस. क्वार्टर की हाफ, आठवड्यातून किती दिवस, शेवटची कधी घेतलीस, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं सांग. औषधाचा डोस त्यावर ठरतो.

कुठे जायचं? मोठ्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, आणि त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाईंचं मोठं पाठबळ होतं. तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डात कसं राहायचं ही भीती नको. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नसते, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा असली की पुरे. बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लाव, तो दिवसरात्र चालू असतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

‘घरी कळलं तर? ऑफिसात कळलं तर?’ तू सज्ञान आहेस, उपचारासाठी स्वतःच्या सहीनं भरती होऊ शकतेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. तरी जमेल तेव्हा आईला सांग. ती रडेल, चिडेल, ‘मुलीच्या जातीला’ वगैरे बोलेलही. मुलगा असता तर एवढं ऐकावं लागलं नसतं, हे मला कळतं आणि त्याचा रागही येतो. पण तिला एक गोष्ट बजावून सांग, जेवणातून चोरून कसलीही पावडर द्यायची नाही. दारू सोडवायच्या काही औषधांवर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, जिवावर बेतू शकतं. ती औषधं पेशंटला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात.

सोडल्यावर एखादी स्लिप होईलही. झाली तर लपवू नकोस, त्याच रात्री फोन कर. ‘आता सगळं वाया गेलं’ म्हणून दुसरी बाटली उघडण्यात जास्त धोका असतो.

आज एवढंच कर. विश्वासाच्या एका माणसाला मेसेज टाक, ‘मला दारू थांबवता येत नाहीये. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील?’ मला टाकलास तरी चालेल. केस पेपरच्या रांगेत मी तुझ्याबरोबर उभी राहीन, आणि तुझं आत बोलणं होईपर्यंत बाहेर बसेन.