इतिहासाचा धडा : अब्राहम स्टर्न, एक हुशार विद्यार्थी



दहावीच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले होते, "सर, क्रांतिकारक कोणाला म्हणायचे आणि दहशतवादी कोणाला?" घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते पुढे नेण्यासाठी आज एका दूरदेशीच्या तरुणाची ओळख करून घेऊ.

अब्राहम स्टर्न यांचा जन्म २३ डिसेंबर १९०७ रोजी सुवाल्की येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य आले तेव्हा आई दोन्ही मुलांना घेऊन रशियात बहिणीच्या आश्रयाला गेली. पुढे आईचीही ताटातूट झाली. तेरा वर्षांच्या अब्राहमने नदीचे पाणी वाहून पोट भरले आणि अखेर मजल दरमजल करत घर गाठले. आपल्या आठवीतल्या मुलाचे वय ते!

१९२५ मध्ये, अठराव्या वर्षी, तो एकटाच पॅलेस्टाईनला गेला. तेथे ब्रिटिशांचे राज्य होते. ज्यूंसाठी तेथे राष्ट्रीय घर उभारण्यास मदत करू, असे ब्रिटनने १९१७ च्या बाल्फोर घोषणेत म्हटले होते. परंतु त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बहुसंख्य प्रजा अरब होती. पुढील सर्व संघर्षाचे मूळ येथे आहे.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात स्टर्नने ग्रीक व लॅटिन या भाषांचा अभ्यास केला. तो कविता लिहीत असे. १९२९ च्या दंगलीत १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. त्या वेळी तो हगाना या ज्यू संरक्षक दलात पहाऱ्यावर होता. पुढे तो इर्गुन या अधिक जहाल संघटनेत गेला. इटलीत फ्लॉरेन्सला शिष्यवृत्तीही मिळाली होती, पण डॉक्टरेट अर्धवट सोडून त्याने पूर्ण वेळ शस्त्राचा मार्ग धरला.

१९३९ मध्ये ब्रिटिशांनी श्वेतपत्रिका काढून ज्यूंच्या आगमनावर पाच वर्षांत ७५,००० अशी मर्यादा घातली, तीही युरोपात ज्यूंचा छळ चालू असताना. महायुद्ध सुरू झाल्यावर इर्गुनने ब्रिटिशांशी लढाई थांबवली. स्टर्नला ते मान्य नव्हते. १९४० मध्ये त्याने वेगळा गट काढला. हाच पुढे लेही म्हणून ओळखला गेला. ब्रिटिशांविरुद्ध मदत मिळावी म्हणून या गटाने १९४१ च्या सुरुवातीस बैरुतमध्ये हिटलरच्या जर्मनीशीच संधान बांधण्याचा प्रयत्न केला! जर्मनीने प्रतिसाद दिला नाही. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी तेल अवीवमध्ये ब्रिटिश पोलिसांनी त्याला गोळी घातली. पळून जात होता, असे पोलिसांचे म्हणणे. निःशस्त्र माणसाला मारले, असे अनुयायांचे. वय अवघे ३४. त्याचा मुलगा त्यानंतर काही महिन्यांनी जन्मला.

एप्रिल १९४८ मध्ये देर यासीन या अरब गावात इर्गुन आणि लेहीच्या लोकांनी शंभराहून अधिक माणसे मारली. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. इस्रायलमध्ये स्टर्नच्या नावाने टपाल तिकीट निघाले. देर यासीनच्या वारसांना ते तिकीट कसे दिसत असेल?

मग त्या मुलाला काय सांगावे? आम्हाला वाटते, आधी शिक्का मारू नये. तीन प्रश्न विचारावेत. याच्यावर कोणता अन्याय झाला? याने शस्त्र कोणावर उचलले? त्याची किंमत कोणी मोजली? पहिल्या उत्तराने मन द्रवते, म्हणून उरलेली दोन टाळू नयेत. आणि उरलेली दोन कठोर आहेत, म्हणून नदीचे पाणी वाहणारा तो मुलगाही विसरू नये.

पालकांना विनंती की, जेवताना मुलांशी या विषयावर जरूर बोलावे.

स्वाध्याय
१. बाल्फोर घोषणा व १९३९ ची श्वेतपत्रिका यांतील विसंगती सांगा.
२. "शत्रूचा शत्रू तो मित्र" हे तत्त्व स्टर्नच्या बाबतीत का फसले?
३. १९२९ च्या दंगलीविषयी एका ज्यू व एका अरब मुलाच्या नजरेतून पाच-पाच ओळी लिहा.