सशाचे पहिले वेत : तारीख चुकवू नका

नवीन ससेपालकाचे नुकसान बहुधा पहिल्याच वेतात होते. मादी पाच-सहा महिन्यांची झाल्यावर नराच्या पिंजऱ्यात सोडावी. नराला मादीकडे नेऊ नये, ती त्याच्यावर धावून जाते. मादी भरवल्याची तारीख पिंजऱ्यावर लिहावी. गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. म्हणून २८ व्या दिवशी सुके, मऊ गवत घातलेली पेटी आत ठेवावी. मादी स्वतःचे केस उपटून त्यात अंथरते. पेटी नसल्यास केस नसलेली, डोळे मिटलेली पिल्ले जाळीवर गारठून मरतात. मादी दिवसातून बहुधा एकदाच, काही मिनिटे पाजते; तिने पिल्ले टाकली असे समजू नये. रोज सकाळी पेटी तपासावी. पिल्लाचे पोट गोल दिसल्यास दूध मिळाले असे समजावे. मेलेले पिल्लू लगेच काढावे.