नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस गं

अगं, ‘ताई, माझे 80, त्यांचे 50, तरी मी हरले कशी?’ एवढाच मेसेज टाकून झोपलीस. त्या 80 मध्ये कोण कोण होतं, ते लिहायचं राहिलं ना? मी न बघताही सांगते. गावोगाव फिरून जमवलेली कच्ची पोरं, कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात दांडकं, आणि समोर स्वादिया राज्याचे चिलखती घोडेस्वार. ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’मध्ये नकाशावर फौजेशेजारी जो आकडा दिसतो, ती नुसती डोकी असतात. ती डोकी कुणाची आहेत आणि तू त्यांना उभं कुठे केलंस, यावर लढाई ठरते.

हा गेम 2010चा. अंकाऱ्यातल्या अर्मान आणि इपेक यावुझ या नवराबायकोने टेलवर्ल्ड्स नावाची कंपनी काढली, तिने केलेला. चित्रं आता जुनाट वाटतात, ते मी मान्य करते. पण यात ना जादू, ना ड्रॅगन. घोडा, भाला, ढाल, चढ-उतार आणि माणसं, एवढंच भांडवल. म्हणून तर इथे डोकं चालवावं लागतं.

पहिली गोष्ट, ते एफ-1 आणि लगेच एफ-3 दाबणं आधी बंद कर. सगळ्यांना एकदम ‘तुटून पडा’ म्हटलंस की काय होतं, ते एकदा नीट बघ. घोडेस्वार सुसाट पुढे जातात, एकटे शत्रूत घुसतात, वेग गेला की वेढले जातात. पायदळ धापा टाकत मागून पोचतं, तोवर घोडे आडवे झालेले असतात. आणि तुझे तिरंदाज? ते बाण मारायचे सोडून गर्दीत धावत सुटलेले. म्हणजे तुझी 80 जणांची फौज शत्रूला हप्त्याहप्त्याने मिळाली की गं!

त्यापेक्षा 1 दाब, पायदळ निवडलं जातं. 2 ला तिरंदाज, 3 ला घोडेस्वार. लढाई सुरू झाल्या झाल्या जवळचा उंचवटा हेर. तिरंदाजांना माथ्यावर ने आणि एफ-1, एफ-1 करून तिथेच थांबव. पायदळ त्यांच्या थोडं पुढे, उतारावर. घोडेस्वारांना एफ-1, एफ-2 करून स्वतःबरोबर ठेव आणि बाजूला नेऊन उभी राहा. मग गप्प बस. हे गप्प बसणंच तुला जमत नाही, मला माहितीये. शत्रू चढ चढत येतो, त्याच्या घोड्यांचा वेग मरतो, वरून बाण पडत असतात, आणि तो तुझ्या ढालींना भिडून अडकला की मग तू घोडेस्वार घेऊन त्याच्या पाठीवर जायचंस. भाला हातात असताना घोडा पुरेसा वेगात आला की भाला आपोआप खाली येऊन काखेत रोखला जातो, तेव्हा वार करायचं बटण दाबायचंच नाही, फक्त नेम धरायचा. तो भाला ढालीलाही जुमानत नाही.

आता माणसं, गेममधल्या प्रत्येक राज्याची वेगळी. स्वादियाचा नाइट मोकळ्या मैदानात राजा आहे, पण त्याचा पगार दर आठवड्याला तुझी थैली रिकामी करतो. घोडेस्वाराला पायदळापेक्षा जास्त द्यावं लागतं, तेव्हा पन्नास नाइट जमवायची स्वप्नं एखादं शहर हाती आल्यावर बघ. नॉर्डांचा हस्कार्ल म्हणजे पायदळातला सगळ्यात दांडगा गडी. मोठी गोल ढाल, फेकायच्या कुऱ्हाडी, आणि किल्ल्याच्या शिडीवर तर त्याला तोड नाही. शिडी अरुंद असते, वर पोचतात एकदोघेच. तिथे संख्या काय कामाची? वर जो पहिला पोचेल तो टिकला पाहिजे. व्हेगिरांचे मार्क्समन भराभर बाण सोडतात. रोडोकांचे शार्पशूटर जडशीळ क्रॉसबो वापरतात, भरायला वेळ लागतो पण लागला की माणूस उठत नाही. तटाच्या आड बसून किल्ला राखायला मी रोडोकच घेईन.

रोडोकांचं मला जरा जास्तच कौतुक आहे. त्यांच्याकडे घोडदळ नाहीच, डोंगरातली माणसं, लांब भाले आणि फळीएवढ्या ढाली. नाइटांनी त्यांच्यावर समोरून धाव घेतली की भाल्याच्या टोकाशी घोडा उभाच्या उभा थांबतो, आणि थांबलेला नाइट म्हणजे लोखंडात गुंडाळलेलं ओझं. हे गेमवाल्यांनी मनाने रचलेलं नाही बरं का. 1302 साली कोर्ट्रायला फ्लँडर्सच्या विणकर-कारागिरांच्या पायदळाने फ्रान्सच्या नाइटांची अशीच धूळधाण केली होती. पडलेल्या सरदारांच्या सोनेरी टाचा (बुटाला लावायचे स्पर) इतक्या गोळा झाल्या की लढाईला नावच सोनेरी टाचांचं पडलं. तिथे ओढे आणि चिखल फ्लँडर्सवाल्यांच्या बाजूने होते. जागा निवडणं म्हणतात ते हेच.

खर्गिट मात्र तुला रडवतील. जवळजवळ सगळेच घोड्यावर, भोवती गरगर फिरत बाण मारतात आणि पाठलाग केलास की पांगतात. त्यांच्या मागे अजिबात धावायचं नाही. चढाची जागा किंवा नदीचा काठ पकड, ढालवाले बाहेर, तिरंदाज आत, आणि त्यांनाच येऊ दे. पाण्यात घोडा रखडतो, तेवढा वेळ आपल्या तिरंदाजांना पुरतो. आणि हेच खर्गिट किल्ल्याच्या तटावर उभे असले तर घोडा खाली राहतो, वर उरतो तो हलक्या चिलखतातला बिचारा. म्हणून त्यांचा किल्ला घेणं त्यांना मैदानात हरवण्यापेक्षा सोपं.

एक बारीक गोष्ट सांगते, ही कुणी सांगत नाही. फौजेच्या यादीत जे वर असतात ते आधी मैदानात उतरतात. मोठ्या लढाईत सगळे एकदम येत नाहीत, मेलेल्यांच्या जागी मागचे येतात. तुझी कच्ची पोरं यादीत वर बसली असतील तर तीच आधी कापली जाणार. मुरलेले वर घे, नवखे खाली.

नवख्यांना लढाईत झोकून शिकवायची तुझी पद्धतही महागाची आहे. स्वतःचं आणि सोबत्यांचं ‘ट्रेनर’ कौशल्य वाढव, रोज मध्यरात्री तुझ्यापेक्षा खालच्या पातळीचे सगळे आपोआप शिकतात, आणि प्रत्येकाचं ट्रेनर वेगळं मोजलं जातं. जेरेमस नावाचा वैद्य एखाद्या खानावळीत भेटला तर लगेच ठेवून घे. त्याच्या ‘सर्जरी’च्या दर पायरीला मरणाऱ्यांपैकी आणखी 4 टक्के माणसं नुसती जखमी होऊन वाचतात. एक हस्कार्ल तयार करायला किती रात्री जातात ते आठव, म्हणजे या वैद्याची किंमत कळेल.

आणि दरोडेखोरांच्या तावडीतून सोडवलेल्या शेतकरी बायकांना वाटेला लावू नकोस हं. हळूहळू चढत चढत त्या ‘सोर्ड सिस्टर’ होतात, घोडा, ढाल, तलवार सगळं घेऊन. भल्याभल्या नाइटांच्या रांगेत उभ्या राहतात. सुरुवातीला त्या फार मरतात, म्हणून त्यांना बरेच दिवस यादीच्या तळाशी ठेवावं लागतं, एवढीच कटकट.

राजा कुठला धरू म्हणून विचारलं होतंस. स्वादिया नको, निदान आत्ता तरी. नकाशाच्या मधोमध आहे, चारी बाजूंनी कुणी ना कुणी चढाई करत असतं, आणि तू एका टोकाला वेढा घालून बसलीस की दुसऱ्या टोकाला तुझं गाव जळतं. नॉर्डांकडे जा, वायव्येला समुद्राच्या काठाला. पाठीशी पाणी, म्हणजे मागून कुणी यायची भीती कमी. आधी तिथल्या गावांची छोटी छोटी कामं करून नातं चांगलं कर, मग एकेका फेरीत जास्त पोरं मिळतात आणि कधीकधी आधीच थोडी तयार झालेलीही. 80 पुरे आहेत गं. पुढच्या वेळी त्यात हस्कार्ल किती ते लिही.