ऐकलेल्या गाण्यांची रोजकीर्द

दुकानदार दिवसाचा जमाखर्च रोजकीर्दींत टिपून ठेवितो. गाणें ऐकणारासही तशी वही ठेवितां येते, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. त्या वहीची, आणि राहून गेलेल्या नोंदी तींत एकदम चढविणाऱ्या साधनाची ओळख करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

इ. स. २००२ मध्यें इंग्लंडांतील साउदम्प्टन विद्यापीठांत रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्यानें 'ऑडिओस्क्रॉबलर' नांवाची योजना आरंभिली. संगणकावर जें गाणें वाजेल त्याचें व गायकाचें नांव इंटरनेटवरील खात्यांत आपोआप जमा व्हावें, आणि ज्यांच्या आवडी जुळतात त्यांच्या नोंदींवरून एकमेकांस नवीन संगीत सुचवितां यावें, हा तिचा हेतु होता. २००५ सालीं ती लंडनच्या 'लास्ट एफएम' मध्यें विलीन झाली. अशी नोंद करण्यास 'स्क्रॉबलिंग' म्हणतात. गाणें ३० सेकंदांहून मोठें असावें, आणि त्याचा निम्मा भाग किंवा ४ मिनिटें, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तितकें तें वाजलेलें असावें, असा तिचा नियम आहे.

परंतु खिशांतील यंत्रास इंटरनेट नसेल तर काय करावें? 'रॉकबॉक्स' ही प्रणाली घातलेलीं लहान यंत्रें याकरितां एक साधी फाइल लिहूं शकतात. तिच्या प्रत्येक ओळींत गायक, संग्रह, गाण्याचें नांव, लांबी व ऐकण्याची वेळ असते. गाणें ऐकलें असल्यास 'एल' आणि मध्येंच सोडलें असल्यास 'एस' अशी खूणही तींत असते. पुढें यंत्र संगणकास जोडून कळफलकावर एक ओळ आज्ञा लिहिली, कीं कमांड लाइनवर चालणारा छोटासा प्रोग्राम ही फाइल वाचतो, 'एस' च्या ओळी गाळतो व बाकीच्या गठ्ठ्यानें खात्यांत पाठवितो. लास्ट एफएम एका खेपेस ५० हून अधिक नोंदी घेत नाहीं. यास्तव १२० गाणीं असल्यास ५०, ५० व २० असे तीन गठ्ठे होतात.

या कामीं दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली वेळेची. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले, या आंकड्यानें वेळ कळवावी लागते, आणि ती जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तिच्या ५॥ तास पुढें आहे. लहान यंत्रास हा फरक पुष्कळदां ठाऊक नसतो. मग रात्रीं ८ वाजतां ऐकलेलें गाणें दुसऱ्या दिवशीं पहांटे १॥ वाजतां ऐकल्याचें दिसतें. दुसरी गोष्ट नांवांची. लता मंगेशकर हें नांव एका ओळींत देवनागरी व दुसरींत रोमन लिपींत असल्यास एकाच गायिकेच्या दोन व्यक्ति होऊन बसण्याचा संभव असतो.

तथापि सर्वांत मोठी काळजी निराळीच आहे. नोंद घेणाऱ्या दूरच्या संगणकास कान नाहींत. आपण लिहून पाठवूं तेंच तो ऐकलेलें समजतो. जें साधन शंभर खऱ्या नोंदी क्षणांत चढवितें, तेंच हजार खोट्याही तितक्याच तत्परतेनें चढवील. मित्रांत मिरविण्यासाठीं न ऐकलेल्या रागदारीच्या नोंदी कोणी भरल्या, तर त्यास पुढें सुचविलें जाणारें संगीत त्याच्या आवडीचें राहणार नाहीं. आणि ज्यांच्या आवडी त्याच्याशीं जुळतात असें ठरेल, त्यांचीही फसगत होईल. खोट्या कीर्दीवरून व्यापार चालत नाहीं, तसेंच हें आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पाठविण्यापूर्वीं यादी एकदां डोळ्यांखालून घाला, तीच फाइल दुसऱ्यांदा पाठवूं नका, आणि खात्यांत नोंदी नीट उतरल्याची खात्री होईपर्यंत मूळ फाइल पुसूं नका. पालकांनींही ध्यानांत ठेवावें, कीं ही वही इतरांच्या दृष्टीस पडूं शकते. घरांत रात्रीं किती वाजेपर्यंत गाणीं चाललीं होतीं, हेंही तींत उमटतें. नोंद लहान असो वा मोठी, ती खरी असली तरच उपयोगाची, हा धडा गाण्यांच्या वहींतूनही शिकण्यासारखा आहे.